नदीच्या अलीकडची तांबकुसळी

तांबकुसळी नावाचं एक रानगवत आहे. दिसायला फार काही नाही. गुडघ्याएवढं वाढतं, पानं अरुंद आणि मधोमध घडी घातल्यासारखी, बुंधा चपटा, आणि सगळा ठोंब असा विस्कटलेला की आत्ताच कुणाशी तरी भांडून आलंय. तुरा एकाच बाजूला मान टाकतो, आधी हिरवा असतो, मग जांभळट होतो आणि शेवटी तांब्याच्या भांड्यासारखा. प्रत्येक दाण्याला एक लांब पिळदार कुसळ असतं. ओल लागली की त्याचा पीळ सुटतो, ऊन लागलं की पुन्हा बसतो, आणि असं उलटसुलट गरगरत तो दाणा स्वतःच जमिनीत भोक पाडून आत जाऊन बसतो. जमीन मिळाली नाही तर त्याला मोजाही चालतो. मोज्यातून पुढे पोटरीही चालते. गुरं हे गवत कोवळं असताना खातात आणि तुरा आल्यावर तोंड फिरवतात. माणसं तर कोवळं असतानाही त्याच्याकडे बघत नाहीत.

गवत्या बघायचा. नुसता बघायचा नाही, जीव लावायचा. एकदा बायकोच्या वाढदिवसाला त्याने तांबकुसळीचा वाळवलेला तुरा काचेच्या चौकटीत बसवून दिला होता आणि वर दिवसभर "कसा वाटला, कसा वाटला" म्हणून तिच्या मागे मागे फिरला होता. बायकोने ती चौकट न्हाणीघराच्या दारामागे टांगली.

गवत्या हे काही त्याचं खरं नाव नव्हे. लहानपणी थोरल्या भावाने ठेवलेलं हे नाव त्याला असं चिकटलं की ऑफिसातही लोक पाठीमागे गवत्या म्हणत आणि तोंडावर गवतसाहेब. ऑफिस म्हणजे संग्रहालयाचा वनस्पती विभाग. लोखंडी कपाटं, डांबरगोळ्यांचा वास आणि टीपकागदात दाबून ठेवलेली हजारो झाडं. वाळलेलं गवत जाड कागदावर पट्ट्यांनी चिकटवायचं, ते कुठे आणि कधी सापडलं ते खाली लिहायचं, कपाटात ठेवायचं, की झालं. या कामात त्याचं आयुष्य गेलं होतं, निवृत्ती दाराशी आली होती आणि त्याच्या नावावर एकही शोध नव्हता. हे त्याला फार लागायचं. शेवाळाच्या टेबलावरच्या बाईंना ऑफिसच्याच गच्चीवरच्या टाकीत नवीन शेवाळ सापडलं होतं. बुरशीच्या टेबलावरच्या माणसाला तर स्वतःच्या जेवणाच्या डब्यात नवीन बुरशी सापडली, तीही लांबलचक रजेवरून परत आल्यावर. आता ती बुरशी त्याच्या नावाने ओळखली जाते आणि तो डबा काचेच्या पेटीत ठेवलाय. निष्काळजीपणाचं इतकं कौतुक झालेलं गवत्याने आयुष्यात पाहिलं नव्हतं.

आणि मग त्याचंही नशीब फळफळलं. तांबकुसळीबद्दल सगळी जुनी पुस्तकं एकमुखाने एकच सांगतात. हे गवत नदीच्या पलीकडे, डोंगरउतारावरच्या खडकाळ, पातळ मातीत वाढतं, आणि नदीच्या अलीकडे औषधालाही सापडत नाही. त्याची हद्द म्हणजे नदी. पण एके दिवशी गवत्याला बसस्टॉपच्या खांबाशी तांबकुसळीचा ठोंब दिसला. अलीकडे! भर शहरात! त्याने तिथेच फतकल मारली, आणि त्या गडबडीत बस चुकली ती चुकलीच. पुढच्या आठवड्यात बँकेच्या पायऱ्यांजवळ दुसरा ठोंब. मग न्हाव्याच्या दुकानासमोर. मग चक्क सासूबाईंच्या अंगणात. बघावं तिथे तांबकुसळी. गवत्या जिथे जाई तिथे ती त्याच्या आधी जाऊन उभी. इतकी वर्षं पुस्तकं चुकली होती, हद्द नदी नव्हतीच, आणि हे जगाला सांगणारा पहिला माणूस तो होता.

त्याने लेख लिहिला. बिया नदी ओलांडून कशा आल्या असतील यावर त्याने पानंच्या पानं खर्ची घातली. वारा झाला, पूर झाला, पक्ष्यांचे पाय झाले. लेखासोबत त्याने हाताने नकाशाही काढला, आणि तिथे गाडं अडलं. विभागाच्या प्रमुख, ज्यांना सगळे मोठ्या बाई म्हणत, त्यांनी चष्मा वर केला, खाली केला आणि म्हणाल्या, "गवतसाहेब, तुमच्या नकाशात नदी डोंगर चढतेय."

"ती जरा हात हलला म्हणून, बाई."

"सोमवारी नीट नकाशा आणा. शोध खरा असेल तर तुमच्या नावाने छापू. पण ठिपका न ठिपका खरा हवा. संशयाचा एकही ठिपका चालणार नाही."

नीट नकाशा काढणारं माणूस गवत्याच्या घरातच होतं. त्याची बायको शहराच्या बससेवेत मार्ग आखायची. कुठली बस कुठून वळेल, कुठे थांबेल, हे सगळं तिच्या पेन्सिलीतून निघायचं, आणि तिला अख्खं शहर तळहातासारखं पाठ होतं. शनिवारी सकाळी जेवणाच्या टेबलावर तिने शहराचा मोठा कोरा नकाशा पसरला, कोपऱ्यांवर चार वाट्या ठेवल्या आणि गवत्याच्या चिठोऱ्यावरून एकेक ठिपका उतरवू लागली. गवत्या तिच्या खांद्यावरून वाकून बघत होता आणि तिच्या कानाशी जोरजोरात श्वास सोडत होता.

"अहो," ती थोड्या वेळाने म्हणाली, "हे गवत बसने फिरतं का?"

"काहीतरीच काय!"

"नाही, बघा ना. नदीच्या पुलाजवळचा स्टॉप, मग मोठा चौक, मग दवाखान्याचा स्टॉप. मध्ये एकही नाही. चौकापर्यंत ही सात नंबर झाली. मोठ्या चौकात हे गवत बस बदलतं. इथून पुढे अकरा नंबर."

"वारा रस्त्यांमधूनच वाहतो," गवत्या म्हणाला. "मोकळी जागा मिळते ना त्याला."

"वारा दवाखान्याच्या स्टॉपला उतरून बँकेत कशाला जाईल?"

बायकोची पेन्सिल पुढे सरकत होती. "बँकेचं एटीएम. न्हावी. आईचं घर. तुमचं चष्म्याचं दुकान." तिने पेन्सिल खाली ठेवली. "अहो, ही तुमची रविवारची फेरी आहे. डोंगरावरून येता तेव्हाची."

"योगायोग."

"आणि हा शेवटचा ठिपका कुठला? छापखान्याच्या गल्लीतला? सगळ्यात मोठा काढलाय तुम्ही हा."

आता चोराच्या मनात चांदणं म्हणतात तसं झालं. गवत्याचे कान आधी लाल झाले आणि मग पांढरे. कारण छापखान्याच्या गल्लीत त्याच्या थोरल्या भावाचं घर होतं, आणि त्या घराशी यांचा संबंध तुटला होता.

तुटला कशावरून, तर सोफ्यावरून. वडील गेल्यावर त्यांचा तीन जण बसतील असा सोफा दोघा भावांत कुणी घ्यायचा यावर घोळ चालला होता. दादा दातांचा डॉक्टर. वाद वाढू नये म्हणून त्याने एका दुपारी करवत आणली, सोफा बरोबर मधोमध कापला आणि अर्धा टेम्पोत घालून गवत्याकडे पाठवून दिला. अर्ध्या सोफ्याला पाय दोनच. त्यावर जो बसेल तो हळूहळू उजवीकडे जाई. गवत्याच्या बायकोने तो बघितला आणि तशीच चपला घालून दादाच्या घरी गेली. "भाऊजी, तुम्ही सोफा कापलात की दाढ उपटलीत? यापुढे मी तुमचं तोंड बघणार नाही!" बायको एवढं बोलली म्हटल्यावर नवऱ्याने मागे कसं राहावं? गवत्यानेही छाती पुढे काढून सांगितलं, "आणि मी या घराचा उंबरा ओलांडणार नाही!" उचलली जीभ लावली टाळ्याला. बसमध्ये बसेपर्यंत त्याला पश्चात्ताप झाला होता, पण शब्द गेलेला होता.

गवत्याने शब्द पाळला, बरं का. उंबरा त्याने एकदाही ओलांडला नाही. फक्त थोडे दिवस गेल्यावर तो दर रविवारी डोंगरावरून परतताना दादाच्या पुढच्या पायरीवर बसू लागला. दादा उंबऱ्याच्या आत खुर्ची टाकी, गवत्या बाहेर पायरीवर बसे, बुद्धिबळाचा पट बरोबर उंबऱ्यावर मांडलेला असे, अर्धा आत, अर्धा बाहेर. दादा एक प्यादं हलवायला अर्धा तास घेई. तेवढा वेळ गवत्या काय करणार? मोज्यांत अडकलेली कुसळं उपटत बसे आणि बाजूला टाकत राही. घरी मात्र तो अभ्यासमंडळ म्हणून सांगायचा.

त्या पायरीशेजारी तांबकुसळीचा शहरातला सगळ्यात दणदणीत ठोंब उभा होता. नदीच्या अलीकडे ती उगवतच नाही या खात्रीने, बसस्टॉपचा ठोंब सापडेपर्यंत गवत्याने त्याच्याकडे वळूनही बघितलं नव्हतं. शहाण्या माणसाने हा ठिपका गाळला असता. पण गवत्या गवताच्या बाबतीत खोटं बोलू शकत नसे. माणसांच्या बाबतीत तो सर्रास बोले, गवताच्या बाबतीत मात्र त्याची जीभच वळत नसे.

"तिथे... असंच जाता जाता दिसलं," तो म्हणाला.

"बरं," बायको म्हणाली आणि उठून चपला घालू लागली. "चला. मोठ्या बाईंना ठिपका न ठिपका खरा हवाय ना? मी मार्ग आखते तेव्हा स्वतः जाऊन बघून येते. हेही बघू."

गवत्याने हर तऱ्हेने टाळून बघितलं. ऊन आहे म्हणाला, गुडघा म्हणाला, गवत शनिवारी नीट दिसत नाही असंही म्हणाला. बायकोने नकाशाची सुरळी काखेत मारली आणि दोघं निघाली.

पुलाजवळच्या स्टॉपवर खांबाशी ठोंब होता. बाकाच्या पुढे, अगदी माणूस बसून पाय हलवतो तिथे. बायकोने बाकाकडे बघितलं, ठोंबाकडे बघितलं आणि काही बोलली नाही. तिच्या न बोलण्याला गवत्या जास्त घाबरायचा. न्हाव्याच्या दुकानाबाहेर ठोंब होता आणि न्हावी वस्तरा हातात घेऊनच बाहेर आला. "साहेब, हे तुम्हीच घेऊन जा बाबा," तो म्हणाला. "गिऱ्हाइकांच्या पायजम्यात शिरतंय. परवा एक जण अर्धी दाढी टाकून पळाला."

"हे इथे कसं आलं?" बायकोने विचारलं.

"काय माहीत, ताई. साहेब खुर्चीत बसले की पाय झटकतात, मग आम्ही झाडून बाहेर लोटतो. दुसरं तर काही आम्ही करत नाही."

गवत्या घाईघाईने आकाशाकडे बघू लागला आणि पक्ष्यांबद्दल काहीतरी पुटपुटला.

सासूबाईंकडे तर कहरच होता. त्यांनी अंगणातली तांबकुसळी कुंडीत लावली होती, तिला रोज पाणी घालत होत्या आणि तुऱ्यांना लाल फीत बांधली होती. "जावईबापूंनी दिलेलं आहे," त्या लेकीला कौतुकाने म्हणाल्या. "बोलले नाहीत काही. नुसतं पायपुसण्यावर ठेवून गेले. मनाने फार हळवे आहेत गं!"

"काखेत कळसा आणि गावाला वळसा," रस्त्यावर आल्यावर बायको एवढंच म्हणाली. गवत्याचा अजूनही विश्वास बसत नव्हता. बसत नव्हता म्हणजे तो बसू देत नव्हता. एकदा का विश्वास बसला असता तर शोध गेला, लेख गेला, नाव गेलं, आणि उरलं काय, तर कागदाला गवत चिकटवणारा एक म्हातारा.

"तो शेवटचा राहू दे," तो काकुळतीला येऊन म्हणाला. "तो ठिपका रद्दच करू आपण."

"सगळ्यात मोठा ठिपका? असं रद्द करता येतं तुमच्या शास्त्रात?"

येत नव्हतं. म्हणून दोघं छापखान्याच्या गल्लीत शिरली.

दादाने दार उघडलं तेव्हा त्याच्या एका हातात बुद्धिबळाचा पट होता. "आज शनिवारीच? बस, बस, खेळी तुझीच आहे, घोडा कुठे..." आणि मग त्याला गवत्याच्या मागे उभी असलेली भावजय दिसली. घोडा पटावरून निसटला आणि पायरीवरून टणटणत खाली गेला.

बायकोने मान वर केली नाही. तोंड बघायचं नाही म्हणजे नाही. ती सरळ ठोंबासमोर जाऊन उकिडवी बसली आणि गवताशीच बोलल्यासारखी म्हणाली, "हा किती वर्षांचा असेल?"

इथे गवत्याने काहीही सांगावं. यंदाचा म्हणावं, गेल्या साली आला असेल म्हणावं. पण कुणीतरी गवताचं वय विचारलं होतं, आणि सबंध आयुष्यात हा प्रश्न त्याला कुणी आपणहून विचारला नव्हता. तो गुडघ्यांवर बसला, पानं दोन्ही हातांनी बाजूला केली, आणि त्याचा चेहराच बदलला.

"हे बघ," तो आनंदाने म्हणाला, "हे गवत दर वर्षी मरत नाही. वरचं वाळतं, मुळं तशीच राहतात, पुन्हा फुटतात. जुन्या पानांचे बुडखे बुंध्याशी राहतात, वर्षागणिक एक थर, कांद्यासारखे. आणि मधला भाग म्हातारा होऊन मरतो, म्हणून ठोंबाला टक्कल पडतं आणि तो कडेकडेने वाढत जातो. याचं टक्कल बघ किती छान आहे! म्हणजे हा..." तो बोटांनी थर मोजू लागला. दादाने आतून खाकरून बघितलं. मग जोरात खोकला. मग कपाळावर हात मारला. "सहा वर्षांचा! सहा पक्की."

"सहा," बायको म्हणाली.

मग कुठे गवत्या भानावर आला.

"उंबरा नाही ओलांडला मी," तो घाईने म्हणाला. "दादाला विचार. एकदाही नाही. पाऊस असला तरी बाहेर छत्री धरून बसलोय."

"सोफ्याला सात वर्षं झाली," बायको गवताला म्हणाली. "म्हणजे एक वर्ष दम धरला यांनी. आणि मी अभ्यासमंडळासाठी रविवारी डबा लवकर करत होते."

"चूक माझी आहे," दादा म्हणाला. "मीच ये म्हणायचो. आणि हे गवतही त्याचंच. इथे बसून मोज्यातली कुसळं काढतो आणि टाकतो. मी सांगितलं होतं, अरे उगवेल ते. तर म्हणतो कसा, छे, नदीच्या अलीकडे उगवत नाही!"

यावर हसू येणं साहजिक होतं आणि दादाला ते आलंही, पण गवत्याकडे बघून त्याने ते गिळलं. गवत्या पायरीवर बसला होता आणि त्याचे डोळे भरून आले होते. वारा नव्हता, पूर नव्हता, पक्षीही नव्हते. होते ते दोन लोकरी मोजे. ज्या शोधावर त्याने नाव लागेल म्हणून डोळे लावले होते तो त्याच्याच पायात होता, आणि त्याला खरंच खूप वाईट वाटलं. बायको रागवायला तोंड उघडणार होती, तिने ते मिटलं. नवरा खोटारडा निघाला हे एक, पण तो असा लहान मुलासारखा रडताना बघायची तिला सवय नव्हती.

"तोंड धुऊन घ्या," ती म्हणाली.

"आत ये, मोरीवर धू," दादा म्हणाला.

"उंबरा," गवत्या हुंदका देत म्हणाला.

"अरे देवा! मग बोळातून मागे जा. मागच्या दाराशी नळ आहे."

मागच्या बाजूला गवत्या कधीच गेला नव्हता. घराच्या कडेने एक फरसबंद बोळ होता, त्यातून तो नाक ओढत गेला. आणि मग पुढच्या अंगणात उभ्या असलेल्या दोघांना एक आरोळी ऐकू आली. दादाला वाटलं, पाय घसरून पडला. तो घरातून मागे धावला, स्वयंपाकघरातून वहिनीही हात पुसत बाहेर आली, आणि बायको बोळातून धापा टाकत पोहोचली. गवत्या नळाशेजारी अक्षरशः नाचत होता. चष्मा एका कानावर लोंबत होता आणि नळ धो धो वाहत होता.

"बघा! बघा! तांबकुसळी!"

मागच्या दाराशेजारी, नळाच्या ओलीवर, तांबकुसळीचा भलाथोरला ठोंब उभा होता.

"इथे मी आलो नाही!" गवत्या ओरडला. "आयुष्यात नाही! इथे मोजे नाहीत, बस नाही, न्हावी नाही! इथे ती आपली आपण आली! बोळात फरशी आहे, पुढून मागे यायला मातीच नाही. म्हणजे वारा! मी म्हटलं होतं की नाही, वारा!" त्याने दादाला मिठी मारली, वहिनीला वाकून नमस्कार केला आणि पुन्हा गुडघ्यांवर बसला. "एक ठिपका पुरे. बाकीचे सगळे खोडतो, हा एक खरा असला तरी हद्द मोडली. सोमवारी बाईंना... थांबा, वय बघू." त्याची बोटं थरांवरून फिरली. एकदा फिरली, पुन्हा फिरली. "सात! सात वर्षांचा. हा पुढच्यापेक्षा जुना आहे! माझ्या आधी आलेला आहे!"

वहिनीने वाहता नळ बंद केला आणि मग तो बंद झालाय की नाही हे फार बारकाईने बघत राहिली. दादा वहिनीकडे बघू लागला. गवत्याने मान वर करून बायकोकडे बघितलं. तिचा चेहरा त्याने असा कधी पाहिला नव्हता. सात नंबरची बस चुकीच्या रस्त्याला लागलेली बघावी तसा तो झाला होता.

ती गप्प बसली असती तर चाललं असतं. झाकली मूठ राहिली असती, सोमवारी बाईंनी सही केली असती, आणि गवत्याचं नाव पुस्तकात गेलं असतं. हे तिला नीट कळत होतं. तिने दोनदा ओढणीच्या टोकाशी चाळा केला, आणि मग म्हणाली, "अहो, हा ठिपका नकाशावर मांडू नका."

"का?"

"मी येते."

"कुठे येतेस?"

"इथे. बुधवारी. मागच्या दाराने. लोकर विणायला, जाऊबाईंकडे." तिने ठोंबाशेजारच्या पायरीकडे बोट दाखवलं. "तुमची ती डोंगरावरची जुनी पिशवी आहे ना, ती आणते लोकर भरून. त्यातली कुसळं लोकरीत अडकतात. आम्ही दोघी इथे पायरीवर बसून ती वेचून काढतो."

"आणि टाकतो," वहिनी खाली बघत म्हणाली.

"बुधवारी मी पोहायला जातो," दादा आश्चर्याने म्हणाला.

"म्हणून तर बुधवारी," बायको म्हणाली. "मी तोंड बघणार नाही म्हटलं होतं. नाही बघितलं."

गवत्या अजून गुडघ्यांवरच होता आणि त्याचा हात ठोंबावर होता. त्याचा शोध एकाच दुपारी दुसऱ्यांदा मेला होता. पण त्याच्या डोक्यात त्या क्षणी शोध नव्हता. त्याच्या बोटांखाली सात थर होते आणि ते खोटं बोलत नव्हते.

"सात म्हणजे सोफ्याचंच वर्ष," तो हळूच म्हणाला. "म्हणजे तू एक वर्षसुद्धा थांबली नाहीस."

"पंधरा दिवस थांबले," बायको म्हणाली आणि आता ती रडू लागली. "जाऊबाईंनी फोन केला, मफलर अर्धा राहिलाय म्हणून. सहन होईना हो. सोफ्याचा राग होता, त्यांचा थोडाच होता!" डोळे पुसता पुसता तिने मान वर केली, आणि दादा नेमका समोर होता. तिने त्याच्याकडे बघितलं. बघतच राहिली. "भाऊजी," ती म्हणाली, "किती पांढरे झालात हो."

"तू मधली वर्षं गाळलीस ना," दादा म्हणाला, "म्हणून एकदम दिसलं." आणि त्याचाही आवाज फुटला. दातांच्या डॉक्टरला असं रडताना बघून वहिनीलाही राहवलं नाही. मग चौघंही त्या गवताभोवती उभी राहून यथेच्छ रडली. शेजारच्या खिडकीतून कुणीतरी विचारलं की कोण गेलं.

"चहा टाकते," वहिनी शेवटी म्हणाली. "चला आत."

गवत्या दाराशी जाऊन अडला. "माझा शब्द..."

"अरे गवत्या, मागच्या दाराला उंबरा नाहीच," दादा म्हणाला. "बसवायचा राहून गेला."

गवत्याने खाली बघितलं. खरंच नव्हता. छत्री धरून काढलेले सगळे पावसाळे त्याच्या डोळ्यांसमोरून गेले. त्याने मोजे काढले, दाराबाहेर झटकले, आणि बायकोने डोळे वटारल्यावर ते गोळा करून खिशात घातले. मग तो आत गेला.

सोमवारी त्याने मोठ्या बाईंच्या टेबलावर नकाशा ठेवला. नदी सपाट जमिनीवरून नीट वाहत होती. तांबकुसळी पलीकडच्या डोंगरांवर होती, नदीपर्यंत येऊन थांबली होती, जुन्या पुस्तकांत होती तशीच. अलीकडे एकही ठिपका नव्हता. बाईंनी चष्मा वर केला, खाली केला, नकाशा उजेडाकडे धरला. खोडलेल्या ठिपक्यांचे पुसट डाग शहरभर दिसत होते.

"इथे काय होतं, गवतसाहेब?"

"काही नाही, बाई," गवत्या म्हणाला. "आमचं येणं-जाणं होतं."

बाईंनी थोडा वेळ त्याच्याकडे बघितलं. मग त्यांनी नकाशावर सही केली आणि तो कपाटात ठेवायला त्याच्याकडेच दिला.